बिनशिक्क्याच्या भांड्यांची आणि ह्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, धंदा जुनी चिनीमातीची भांडी ओळखणे, घेणे व विकणे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. वजाबाकी करता करता मी त्यांच्या टेबलावरची पेनं ठेवायची बरणी उलटी करून पाहिली आणि ती मुळात मलमाची बरणी आहे, तिच्या ओठाला मागाहून डागडुजी झाली आहे आणि ती कोणी तरी घाईत केली आहे, असे त्यांना सांगितले. त्यांनी बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि दाखला लिहून दिला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे. हे वाक्य घालावेच लागते असे वकीलबाई म्हणतात. जे केलेच नाही ते रद्द कसे करायचे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, म्हणून घातले आहे.

माझ्या हृदयाविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते मी ऐकून घेतले आहे. मला माझी काळजी नाही. माझ्या यजमानांना, ज्यांना मी जन्मभर 'अहो' म्हणत आले आणि या कागदात 'हे' म्हणणार आहे, गेली काही वर्षे दिसत नाही. मी गेल्यावर ह्यांनी कुठे आणि कसे राहायचे, एवढाच या मृत्युपत्रातला खरा प्रश्न आहे. बाकीची कलमे त्याच्या आजूबाजूने आली आहेत.

कलम १. मालमत्ता कशी झाली त्याबद्दल.

आम्ही दोघे कपबश्यांच्या कारखान्यात भेटलो. हे प्रतवारीत होते. समोर आलेली प्रत्येक बशी तीन बोटांवर तोलायची, लाकडी काडीने हलकेच वाजवायची आणि नादावरून ती धड आहे की तडकलेली ते सांगायचे, हे ह्यांचे काम. मी रंगकामात होते. फिरत्या चाकावर कप ठेवून काठाला सोनेरी रेघ ओढायची आणि जिथे सुरू केली तिथेच मिटवायची. माझ्या रेघेची टोके जुळत नाहीत असे सांगायला हे प्रतवारी सोडून वर आले, आणि पुन्हा पुन्हा आले. टोके जुळत होती. शेवटी मी विचारले, "तुम्हाला रेघेबद्दल बोलायचंय की दुसऱ्या कशाबद्दल?" हे म्हणाले, "दुसऱ्याच." त्यावर आमचे लग्न ठरले.

कारखाना दुय्यम मालावर आपला शिक्का मारत नसे. झिलईत एक ठिपका आला, कपाचा कान किंचित तिरका बसला, की तो कप बिनशिक्क्याचा. कारखाना बंद पडला तेव्हा गोदामातला असा माल कोणालाच नको होता. आम्ही तो हातगाडीवर घालून आणला आणि दुकान मांडले. मग लोक आपापल्या घरातली भांडी घेऊन यायला लागले. "आजीची फुलदाणी आहे, खाली काहीच लिहिलेलं नाही, हिचं काय करायचं?" खाली काही लिहिलेले नसले की लोकांना वाटते भांड्याला सांगण्यासारखे काही नाही.

तसे नसते. भांडे उलटे करावे. बैठकीच्या कडेला झिलई नसते, तिथे मातीचा खरा रंग दिसतो. भट्टीत ते कशावर टेकवले होते त्याचे बारीक ठिपके सापडतात, आणि प्रत्येक कारखान्याची टेकवायची तऱ्हा वेगळी. साच्यातून काढलेल्या भांड्याला कानाखाली शिवण लागते, कितीही घासली तरी. छापील फुलाच्या पाकळ्या भिंगाखाली कुठे तरी चुकून एकमेकींवर चढलेल्या असतात, हाताने काढलेल्या कधी सारख्या नसतात. जोडलेला भाग दाताला लावला तर थंड लागत नाही. पाहण्याचे काम माझे, हात फिरवण्याचे आणि वाजवण्याचे ह्यांचे. दोघांचे जुळले तरच आम्ही गिऱ्हाइकाला काय ते सांगत असू. नाही जुळले तर गिऱ्हाईक खुर्चीवर बसून आमचे भांडण ऐके. काही जण नुसते त्यासाठी येत.

म्हणूनच ह्यांची नजर गेलेली बराच काळ कोणाच्या ध्यानात आली नाही. हात तर पूर्वीसारखेच चालत होते. एका दुपारी एक बाई हिरवी किटली घेऊन आल्या आणि हे म्हणाले, "निळा काय सुरेख उतरलाय." बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हटले, "आतल्या रंगाबद्दल म्हणतायत." बाईंनी झाकण काढून आत पाहिले. आत पांढरे होते. बाई गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. हे दाराशी येऊन म्हणाले, "डोळे माझे गेलेत आणि रडतेस तू. कामाची ही काय वाटणी?"

कलम २. दुकान आणि त्यातला सगळा माल.

ही दोन्ही मी सूनबाईला देते. एकटीला, तिच्या नवऱ्याला नाही. याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडणार नाही.

चिरंजीवांचे लग्न ठरवायला आम्ही तिच्या घरी गेलो होतो. चहा आला. कप सुरेख होता, पातळ, काठाला निळी वेल. ह्यांनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि जन्माच्या सवयीने खालचा शिक्का बघायला उलटा केला. चहासकट. तो तिच्या वडिलांच्या नव्या पॅन्टवर गेला. सगळे उठून उभे राहिले. माझा मुलगा जमिनीत गडप व्हायची वाट पाहत होता. ही मुलगी पुढे आली, तिने वडिलांच्या हातात टॉवेल दिला, ह्यांच्या हातातल्या कपाच्या तळाकडे वाकून पाहिले आणि विचारले, "मग काय निघालं?"

हे म्हणाले, "शिक्का नाही."

"मग कसं कळणार?"

"आता पुसून द्या, सांगतो."

ती खरोखरच पुसून घेऊन आली. बाकी लोक पॅन्टवर पाणी शिंपडत होते आणि ही दोघे खिडकीशी उभी राहून कपाच्या कानाबद्दल बोलत होती. घरी येताना हे मला म्हणाले, "मुलगा नको म्हणाला तर आपण हिला दत्तक घेऊ."

दुकानाबरोबर सूनबाईकडे एक जबाबदारीही येते. काउंटरमागच्या फळीवर करड्या रंगाचा एक वाडगा आहे. त्याला शिक्का नाही. हे म्हणतात तो नदीकाठच्या भट्टीतला आहे, कारण तळाचा नाद जड येतो. मी म्हणते तो टेकडीवरच्या भट्टीतला आहे, कारण झिलईची जाळी तशी बारीक दुसरीकडे पडतच नाही. हा वाद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे. मध्यंतरी एका अभ्यासक गृहस्थांनी मातीचा कण काढून प्रयोगशाळेत तपासून द्यायची तयारी दाखवली. आम्ही दोघांनी एकाच वेळी नको म्हटले, आणि आमचे कशावर तरी एकमत झालेले पाहून ते गृहस्थ गोंधळले. तर माझ्यानंतर हा वाडगा तपासायला देऊ नये, विकू नये, आणि सूनबाईने अधूनमधून माझी बाजू घेऊन ह्यांच्याशी भांडावे. सहज हार मानू नये. ह्यांना समोरच्याने पटकन ऐकलेले आवडत नाही, ह्यांना वाटते आपल्याला म्हातारा समजून सोडून दिले.

कलम ३. बँकेतली शिल्लक आणि सोनेरी काठाचा कप.

ही दोन्ही चिरंजीवांना. मुलगा लहान असताना दुकानातल्या खोक्यांत, गवताच्या पेंढ्यात झोपायचा, भांड्यांच्या मधोमध. इतके करूनही त्याला भांड्यांची गोडी लागली नाही. त्याला आजही बशी आणि ताटली यांतला फरक सांगावा लागतो, आणि चहा तो स्टीलच्या पेल्यातून पितो, फुटायची भीती नको म्हणून. मला त्याबद्दल राग नाही. घरात एक तरी माणूस न फुटणाऱ्या वस्तूंच्या बाजूने असावा.

सोनेरी काठाचा कप मात्र त्याने ठेवावाच. एकदा भंगारवाल्याच्या टोपलीत तो सापडला, खाली काही नाही. मी काठावरची रेघ पाहत गेले आणि कानाच्या वरच्या बाजूला ती जिथे मिटते तिथे थांबले. रेघ ओढणारा प्रत्येक हात टोक वेगळे मिटवतो. कोणी दाबून, कोणी उचलून, कोणी थोडे पुढे नेऊन. ते टोक माझे होते. तेव्हा मी लग्नाआधीची मुलगी असणार, आणि खाली कोणी तरी बशा वाजवत बसलेले असणार. मी तो कप विकला नाही. चिरंजीवांनी त्यातून चहा प्यावा, कपाटात ठेवू नये. फुटला तर फुटला.

कलम ४. शिक्केवाला.

बाजारातला हा व्यापारी आमचा जुना शत्रू. खरे नाव आता त्यालाही आठवत नसेल. बिनशिक्क्याच्या भांड्यांवर नामांकित कारखान्यांचे शिक्के मारून विकण्यात याने उमेदीची वर्षे घालवली. आम्ही नवखे असताना याने आम्हालाही एक फुलदाणी गळ्यात मारली. खरा शिक्का झिलईच्या खाली असतो, नखाला लागत नाही. याचा झिलईवर होता आणि नखाला लागायला हवा होता, पण त्याने शिक्क्यावर मेण घासून ठेवले होते, म्हणून आम्ही फसलो. कारागिरी चांगली होती हे मी मान्य करते. ती फुलदाणी मी त्याला परत देते. तळाशी मी छोट्या अक्षरांत 'हा शिक्का खोटा आहे' असे लिहून, वर नवी झिलई चढवून भट्टीत पक्के करून घेतले आहे, झिलईच्या खाली.

ह्यांची नजर गेल्याचे कळल्यावर हाच माणूस रोज सकाळी येऊन दुकानाचे शटर वर करून देऊ लागला आणि आजतागायत देतो. तेव्हा फुलदाणीबरोबर त्याला माझे आभारही द्यावेत. दोन्ही एकदमच द्यावेत, म्हणजे त्याला काय बोलावे ते सुचणार नाही.

कलम ५. राहते घर.

घर माझ्या नावावर आहे. ते ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांच्याकडे राहावे आणि त्यानंतर मुला-सुनेकडे जावे. अट एकच. हे जिवंत आहेत तोवर घरातली एकही वस्तू जागची हलवू नये.

जिना संपतो तिथे उंच कोठी-बरणी आहे. तिच्या पोटावरची उभी रेघ हाताला लागली की हे डावीकडे वळतात. भिंतीवर एक टवका उडालेली फरशी बसवली आहे, ती लागली की स्वयंपाकघर. ओट्यावर कप कान उजवीकडे करून ठेवलेला असतो, साखरेच्या बरणीचे झाकण खरखरीत, चहाच्या बरणीचे गुळगुळीत. न्हाणीघराच्या दाराशी चिनीमातीचा कुत्रा आहे, त्याचा एक कान तुटलेला आहे, त्यावर हात ठेवून हे पायरी उतरतात. या घरात ह्यांना कोणी आंधळे म्हणणार नाही. हे मी एकेक वस्तू लावून केले आहे आणि ते मोडू नये असे माझे मागणे आहे. दोन्ही वेळचे जेवण खालच्या शिंप्याची बायको देईल, तिने कबूल केले आहे.

चिरंजीवांना हे कलम मान्य नाही. त्याचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि बाबांना तिकडे न्यायचे असे त्याचे म्हणणे आहे. फोनवर आमचे बोलणे झाले.

"आई, बाबा एकटे राहणार? जिन्यावरून पडले तर?"

"त्यांना घर पाठ आहे."

"घर पाठ आहे गं. पण पडल्यावर घर हात देऊन उठवणार आहे का?"

मी फोन ठेवला. मुलगा चुकीचे बोलत नव्हता, पण मी माझे कलम बदलणार नव्हते. परक्या घरात ह्यांनी भिंती चाचपत फिरायचे, हे माझ्याने मनातसुद्धा पाहवत नाही.

कलम ६. वरचे कलम पाच रद्द. मात्र ते खोडू नये, तसेच राहू द्यावे.

साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या म्हणून आम्ही सगळे दुकानात जमलो होतो. शिंपी, डॉक्टर, वकीलबाई, मुलगा आणि सून. शिक्केवाला न बोलावता आला. मी कलमे मोठ्याने वाचत गेले. कलम चारला शिक्केवाला म्हणाला, "वहिनी, झिलईच्या खाली? म्हणजे मला खोडतासुद्धा येणार नाही," आणि मग बराच वेळ नाक पुसत बसला. कलम पाच वाचून झाले तेव्हा हे एक सुरई पुसत होते. फडके थांबले.

"हे कलम कोणासाठी आहे?" ह्यांनी विचारले.

"तुमच्यासाठी. आणखी कोणासाठी?"

"मग मला एकदा विचारायचंस."

मी म्हटले, "विचारायचं काय त्यात? इथे तुम्हाला सगळं सापडतं."

"सापडतं. कप सापडतो, कान उजवीकडे. म्हणजे तो तू ठेवलास. बरणी सापडते, ती तू ठेवलीस. मला या घरात वस्तू लागत नाहीत हाताला, तू लागतेस." ह्यांनी सुरई खाली ठेवली. "उद्या तू नसशील आणि कप तिथेच असेल. मी रोज समजणार तू आत आहेस. रोज हाक मारणार. किती दिवस असं चालवायचं मी?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. मी विचारले, "मग काय करायचं म्हणता?"

"मुलाकडे जाईन. तिथे काहीच तुझ्या हातचं नाही. अडखळेन, आपटेन, होईल सवय. दुकानात सूनबाईबरोबर रोज येईन. दुकानात भांडी येतात नि जातात, तिथे मला चालेल. वरती मात्र नको."

मला राग आला. इतक्या वर्षांची माझी मेहनत ह्यांनी एका वाक्यात नको म्हटली होती. चहा झाला तरी मी ह्यांच्याशी बोलले नाही, सह्या पुढे ढकलल्या आणि वर जाऊन पडून राहिले. तिथे पडल्या पडल्या मी स्वतःला ह्यांच्या जागी ठेवून पाहिले. मी असते आणि हे नसते, आणि रोज सकाळी ह्यांचा जुना चष्मा रेडिओशेजारी तसाच असता, तर मी तो चष्मा कुठे तरी नेऊन टाकला असता. मग मला राग राहिला नाही. नुसते वाईट वाटत राहिले, ते अजून वाटते.

सबब, घर माझ्यानंतर मुला-सुनेच्या नावे व्हावे. त्यांनी ते भाड्याने द्यावे, विकावे, काहीही करावे. हे मुलाकडे राहतील. वस्तूंपैकी ह्यांना जे हवे ते हे स्वतः निवडतील, कोणी आठवण म्हणून काही हातात कोंबू नये. मुलाने ह्यांना दर पावलाला धरू नये. सूनबाईला हे सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र मी माझ्या हातात ठेवली आहे. परके घर ह्यांनी माझ्यामागे शिकायचे, हे मला मान्य नाही. ते माझ्यासमोर शिकायचे. म्हणून मी सूनबाईला तिच्या स्वयंपाकघराचे माप मागितले. तिने ओटा वितीने मोजला, कपाट कुठल्या बाजूला उघडते, नळ कुठे आहे, चहाचा डबा कितव्या फळीवर, सगळे फोनवर सांगितले, आणि मुलगा मागून "आई, काय चाललंय काय तुमचं?" असे विचारत राहिला. मग मी आणि शिंपी मिळून आमचे स्वयंपाकघर तिच्यासारखे लावले. कोठी-बरणी जिन्यातून हलवली. कुत्रा खाली दुकानात नेला. चहा डाव्या हाताला गेला, कप डोक्याच्या उंचीच्या फळीवर, कान वाटेल तिकडे.

पहिल्या दिवशी ह्यांनी साखरेच्या जागी मीठ घेतले आणि मला हाक मारली. नंतर बशी फोडली, मला हाक मारली. दार समजून कपाट ओढले, मला हाक मारली. मी प्रत्येक वेळी गेले. मला जाणे आवडत होते, हे इथे लिहून ठेवते.

आज सकाळी मी दाराशी उभी होते. ह्यांना मी तिथे आहे हे माहीत नव्हते. ह्यांनी भिंतीला हात लावला, दोन पावले टाकली, थांबले, हात वर नेला, फळी चाचपली, एक कप सोडून पुढचे दोन उचलले. डावीकडून चहा घेतला. गॅस पेटवला. दोन कप ओतले आणि एक ओट्याच्या कडेला माझ्यासाठी ठेवला.

हाक मारली नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून आणि ह्यांना मोठ्याने वाचून दाखवून मान्य केला आहे. ह्यांनी मध्ये थांबवले नाही.

सही : दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला : खालच्या मजल्यावरचा शिंपी. सही केली.

साक्षीदार दुसरे : डॉक्टर. सही केली, आणि बरणीच्या ओठाची डागडुजी नीट करून देण्याविषयी आठवण करून दिली.

शिक्केवाल्याला साक्षीदार करून घेतलेले नाही, कारण त्याला या कागदात वाटा आहे. तो शेजारी उभा होता.

ठिकाण : दुकान, काउंटरच्या मागची बाजू.
तारीख : ह्यांनी आपला चहा आपण केला तीच.